पुढचं दार

एकतीस वर्षं मी मागच्या दारानं गेलो.
आधी सायकलवर, मग तीनचाकीवर,
गुडघे गेल्यावर पुतण्याच्या गाडीतून.
तागाच्या पोत्यात लादी, खांदा ओला,
दारावर दोन लाथा (हात मोकळे कुठले?)
आणि आतून ओरिकासाबाईंचा आवाज :
ठेव रे, सिंकपाशी.

आज हात मोकळे आहेत
तर दार सापडत नाही.

मोरिओकातल्या या गल्लीची मागची बाजू
मला डोळे मिटून चालता येते.
कुठली फरशी हलते,
कुणाचं कुत्रं भुंकून मग शेपूट हलवतं.
पण पुढून ही गल्ली दुसऱ्याच कुणाची निघाली.
पाटी नाही. दिवा नाही.
लपायचंच होतं तर धंदा का काढलात,
मी विचारलं होतं एकदा.
लिंबाची साल काढता काढता म्हणाल्या,
शोधून आलेला माणूस सावकाश पितो.

एक मुलगीही शोधत होती, ऑफिसच्या कोटात,
मोबाईलचा उजेड पायाशी धरून.
आम्ही दोघं बराच वेळ
न हरवल्यासारखे उभे राहिलो.

मग शिक्केवाल्याच्या दुकानात, अर्ध्या शटरखालून.
समोर लाकडी कपाट, छातीपासून छतापर्यंत खण,
प्रत्येक खणावर एक आडनाव.
तिनं स्वतःचं ओढलं
आणि भिंत बाजूला झाली.
"तुमचं कुठलं?" ती म्हणाली.
शिशिउचि. त्यात नव्हतंच.
आमचा तयार शिक्का कुठल्याच दुकानात मिळत नाही,
बापानं मुद्दाम कोरून घेतला होता,
बर्फाच्या पावत्यांवर तोच उमटायचा.
तिच्या आडनावामागून मी आत गेलो.

या खोलीची मला फक्त पाठ माहीत होती.
बाटल्याही मागून पाहिलेल्या,
लेबलं उलटी, दिव्यात पिवळी.
आज सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे.

बाई वाकल्या. "या. बसावं आपण."

आपण!
एका उंच खुर्चीनं
एकतीस वर्षांचा "रे" पुसून टाकला.
मी टोपी मांडीवर धरून बसलो,
दवाखान्यात बसतात तसा.

मुलीसाठी त्यांनी युझूचं काहीतरी हलवलं.
तो आवाज मी भिंतीआडून किती ऐकला असेल,
फोडलेला बर्फ आधी कुरकुरतो, मग दमतो,
मग बाई थांबतात.
थांबताना त्यांचा खांदा किंचित उडतो
हे मात्र आज कळलं.

मला काही विचारलं नाही.
फ्रीझरच्या तळातून फडक्यात बांधलेलं काही काढलं,
सुरी घेतली, आणि चौकोनाचे कोपरे
एकेक करून निवृत्त केले.
हातावर गोळा उरला. ग्लासात ठेवला.
वर उत्तरेकडची व्हिस्की,
ओल्या मातीला आग लागावी तसा वास.

"गेल्या शुक्रवारची लादी," त्या म्हणाल्या.
माझी शेवटची.
बहात्तर तास पाणी हलतं ठेवून
हळूहळू गोठवलेली, काचेसारखी,
फक्त एका अंगाला तांदळाएवढा बुडबुडा.
ती बाजू मी खाली करून ठेवली होती.
कोण बघतंय!

ग्लास त्यांनी बोटभर फिरवला.
बुडबुडा माझ्यासमोर आला.

दोघंही काही बोललो नाही.
गोळ्याला आतून एक तडा गेला,
बारीक, ओळखीचा,
पहाटे साडेतीनच्या कारखान्यातला.
शोधून आलो होतो,
सावकाश प्यालो.

पैसे घेतले नाहीत म्हणून भांडलो थोडं.
मुलगी हसली. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं,
फुकटचं, ढगाळ, कामाला न येणारं.
मी कपाटाकडे वळलो तेव्हा
ग्लास पुसता पुसता, मान वर न करता :

"मागच्या दारानं जा रे.
पुढं घसरडं असतं."

गेलो.
आणि सवयीनं
आतूनच दारावर दोन लाथा मारल्या.