उत्तर वेगळं विकत घ्यावं लागेल

सावद्याला केळीच्या वखारीत मी काट्यावर असतो.
घड येतो, फण्या सुटतात, खोक्यात बसतात;
दांडा वजा करून भाव लागतो.
दांड्याचे पैसे कोणी वेगळे मागितले
तर सगळी वखार हसेल,
ट्रकच्या क्लीनरसकट.

म्हणून त्या रात्री आधी मला हसूच आलं.

पहिला भाग खेळलो तो चोरीचा.
जळगावला गोलाणीत, मोईन पिंजारीच्या ओळखीनं,
तीस रुपयांची सीडी, वर स्केचपेननं नाव, तेही चुकीचं.
दुसराही तसाच.
एका खुर्चीत दोघं, मी आणि योगिता.
मी तलवार चालवायचो,
ती खालचं इंग्रजी वाचायची, डिक्शनरी मांडीवर घेऊन.
नदीवरची म्हातारी नावाडीण तिची लाडकी.
दर फेरीला म्हातारी म्हणायची,
"डोंगरापल्याड माझं घर. नेईन कधीतरी."
आणि पडदा काळा व्हायचा: पुढील भागात.

पुढील भाग अकरा वर्षांनी आला.
तोवर योगिता लग्न होऊन उधन्याला,
मी काट्यावर.
या खेपेला ठरवलं, चोरी नाही.
तेवीसशे रुपये, माझ्या नावानं, पावतीसकट.
पावतीचा फोटो मोईनला पाठवला.
त्यानं उत्तरादाखल नुसते जोडलेले हात पाठवले.

सतरा रात्री खेळलो.
अठराव्या रात्री नदी लागली, तीच,
पाणी इतकं खरं की मी पाय वर घेतले.
पण होडी रिकामी.
वल्ह्याला छोटं पिवळं कुलूप, त्याखाली
उत्तर प्रांत, चौदाशे नव्व्याण्णव.
म्हातारीला शाल हवी असल्यास
आणखी दोनशे एकोणपन्नास.

शाल!

म्हणजे भरताच्या पार्टीला आवतण द्यायचं,
कळण्याची भाकरी पानात वाढायची
आणि वांग्यांचं बिल हातावर ठेवायचं.
नवीन काही घडवलं असतं तर दिले असते,
माणसं राबतात, मला कळतं.
पण उत्तर पहिल्या दिवसापासून नकाशात होती, राखाडी.
नव्वद जीबीत तीही उतरली होती,
तीन रात्री, माझ्याच नेटवर.
माझ्या घरात, माझ्या विजेवर,
त्यांची एक बंद खोली.

मोईन म्हणाला, "महिनाभर थांब. फुटेल. आणून देतो."
त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता,
तेच जास्त लागलं.

खिडकी उघड म्हणतात लोक, समोर सातपुडा आहे, फुकट.
आहे ना. रोज बघतो.
चैतात रात्री वणव्याची माळ लागते, तीही बघतो.
पण त्या डोंगराआड नेईन असं
मला कोणी म्हणालं नव्हतं.

रविवारी योगिताचा फोन.
"पोचला का रे? मले सांग ना,
डोंगरापल्याड काय हाये?"
कुलपाचं सांगायची लाज वाटली.
लाज कोणाची, ते ठरेना.
मग सांगत सुटलो:
घाट लागतो, सागाची पानं पडलेली, ताटाएवढी,
वळणावर माकडं बसलेली,
खाली पाण्याचा थोरला साठा,
काठाला मातीचं एक घर
आणि दाराशी होडी, पालथी घालून ठेवलेली.

ती ऐकत होती. मागे लूमची खडखड.
मग म्हणाली,
"तू तं पालच्या रस्त्याचंच सांगून राह्यला."

मी गप्प.

"चालते," म्हणाली. "पुढं?"

आज पुन्हा बघितलं. सणाची सूट लागलीय,
तेराशे एकोणपन्नास.
शालीवर सूट नाही.