बाद

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासायचे.
ताव उजेडाखाली धरायचा,
शाई केसभर सरकली की लाल खूण: बाद.
संध्याकाळी भोंगा व्हायचा, बाबा घरी यायचे,
डोळे मात्र ड्युटीवरच.

तिसरीत मला वीसपैकी एकोणीस.
त्यांनी वही उजेडाकडे धरली.
रागावले नाहीत. वही मिटली,
आणि जेवणं होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

एवढंच.
एवढ्याशासाठी दर बुधवारी गंगापूर रोडला
हजार रुपये मोजते मी,
तेही कोऱ्या नोटांत.

गायधनी मॅडम म्हणाल्या, वाक्य पुरं करा:
माझी चूक झाली, तर...
तर काय, दुरुस्त करीन, मी म्हटलं.
त्या थांबल्या. खाली रसवंतीचे घुंगरू वाजत होते.
...तर घरात कुणी बोलणार नाही.
आवाज माझाच. वय वर्षं आठ.

वाटलं, आता म्हणतील, अहो, तसं नसतं.
ते मलाही माहीत आहे.
माहीत असून दोन ओळींची मेल
अकरा वेळा वाचते मी.
त्यांनी भलतंच विचारलं:
त्या घरात आणखी कुणी चुकलं होतं का कधी?

बाबांच्या हातून एकदा एक ताव निसटला होता.
मेमो मिळाला. भोंगा होऊन गेल्यावर
कितीतरी वेळाने आले,
चपला न काढता पायरीवरच बसले.
मी तुरीच्या शेंगा सोलत होते,
वाटी दोघांच्या मध्ये सरकवली.
अंधार पडेस्तोवर सोलत राहिलो.
त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.
बाद? छे.
माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दोन्ही एकदम धरा, मॅडम म्हणाल्या,
ती मिटलेली वही आणि ही वाटी.
धरल्या. पुन्हा धरल्या.
रडू येईल वाटलं होतं,
जांभई आली,
लाज वाटावी एवढी मोठी.

मार्चात माझ्या अहवालात चूक निघाली, पान चौदा.
पोटात गोळा येण्याची वाट पाहत बसले.
आला, पण पाहुण्यासारखा,
दारातूनच परत गेला.
कधी कधी अजून मुक्काम करतो, खोटं कशाला बोलू.

परवा शेंगा घेऊन बाबांकडे गेले.
त्यांना आता मोतीबिंदू, दाणे चाचपून सोलतात.
किडका निघाला एक, वाटीत पडला,
मी पाहिला, राहू दिला.
तासभर कुणीच काही बोललं नाही.
ती शांतता
उजेडाकडे धरून पाहिली नाही मी.