पाच फूट दोन

गावाचं नाव पाटीवर लांबलचक,
बोलताना मात्र पुढचा तुकडा गिळून टाकतात : स्कॉन्सेट.
नॅन्टकेटच्या पूर्व टोकाला बस रिकामी होते
आणि ड्रायव्हर म्हणतो, यापुढे फक्त पाणी.

शिंपल्यांचा चुरा पसरलेली वाट.
दोन्ही अंगांना लाकडाची घरं, राखाडी,
देवदाराच्या चिपांवर चिपा, खवल्यांसारख्या.
मासे धरणाऱ्यांनी घरंही माशांसारखीच शाकारलेली.

मिस पिंकम कुलूप काढते.
"डोकं सांभाळा," हे ती अच्युतला सांगते,
मला नाही.
तरी ठक्क्.
मी सरळ आत.

अकरा वर्षांत या देशात
पहिल्यांदाच एक चौकट माझ्या मापाची.
एरवी बेसिन उंच, खुंट्या उंच,
बसमधली कडी तर देवळातल्या घंटेसारखी, टाचा उचलून गाठायची.
इथे हात वर केला तर तुळईच लागते हाताला,
कुणा बुटक्या खलाशाने रंधा मारलेली,
मधेच एक भोक, जहाजाच्या खिळ्याचं.
फुटलेल्या जहाजांचं लाकूड फुकट मिळायचं, ती सांगते.
फुकट हा शब्द जरा हळू उच्चारते.

हे घर तीनदा मागे सरकलंय.
कडा ढासळते दर हिवाळ्यात.
मग घराखाली ओंडके, पुढे बैल;
शेवटच्या खेपेला ट्रक.
चूल तेवढी विझवायची, बाकी सगळं जागच्या जागी.
कपाटातली एकच बशी फुटली म्हणे.
तिचे तुकडे खिडकीत मांडलेत.

आमच्याकडे म्हणतात, घर फिरलं की वासेही फिरतात.
सांगून बसले आणि अडले.
म्हण वाईट दिवसांची, पाठ फिरवणाऱ्या माणसांची,
आणि इथे घर फिरलं, वासे फिरले,
मुकाट, एकही न सुटता, नव्या जागी येऊन बसले.
"अगदी खरं," मिस पिंकम म्हणाली.
मी दुरुस्त केलं नाही.

परसात कुंपण, मग गवत, मग कडा.
पावलं मोजली : चौतीस.
अच्युतची सत्तावीसच भरली असती,
पण तो पायरीवर बसलेला,
कपाळाच्या टेंगळाला सोड्याचा गार कॅन लावून.
"किती उरलंय गं?" त्याने विचारलं.

"पुरेल," म्हटलं. "बस साडेचारची आहे."