जिभांचा हंगाम

यॉस्टाइनची वही मार्च उजाडला तरी कोरी.
निबंधात तीनच वाक्यं :
समुद्र आहे. मासे आहेत. संपलं.
मी लाल पेनानं विचारलं, आणखी काही?
तो म्हणाला, वाचणार कोण, बाई?
तुम्हीच ना.
तुम्हाला तर वाचायचा पगार मिळतो.

शाळा सुटली की तो थेट धक्क्यावर.
हंगामात इथली पोरं कॉडच्या जिभा कापतात.
खिळ्यावर डोकं टोचायचं, सुरी एकदाच फिरवायची,
जीभ बादलीत, डोकं मागं.
तासाला कमाई किती, ते त्याच्या आईनं सांगितलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं,
की तुमच्या व्याकरणाचा भाव काय?
माझीच जीभ टाळ्याला चिकटली.

बिनजिभेची डोकी दांड्यांवर वाळतात,
वाऱ्यात एकमेकांवर खडखडतात,
मग पोत्यांत भरून नायजेरियाला जातात.
तिथं त्यांचा रस्सा होतो.
हे मी भूगोल म्हणून सांगत होते,
तर मागच्या बाकावरून,
चार वर्षांत पहिल्यांदा, प्रश्न :
पोतं उघडतं कोण?

मला ठाऊक नव्हतं.
म्हटलं, त्यांनाच विचार की लिहून.
खरं तर मी वेळ मारून नेली होती.

त्यानं शब्दकोश नेला.
आठवड्यानं परत आणला तेव्हा
त्याच्या पानांना माशाचा वास होता.
प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी
कुठल्याशा पोत्यात गेली.
आम्ही दोघंही विसरलो,
निदान मी तरी.

सप्टेंबरात पाकीट आलं.
अक्षर तिरकं, घाईचं, पाठीमागं कुणाच्या तरी उधारीचा हिशेब.

मुला, मी न्वाकाएगो, आबाच्या बाजारात बसते.
बावीस वर्षं ही डोकी विकतेय
आणि एकालाही जीभ नाही.
बायका म्हणतात, तुमच्याकडच्या थंडीनं गळून पडतात.
माझी सासू म्हणायची, तिकडचे मासे चहाडखोर, म्हणून कापतात.
खरं काय ते कळव.
आणि नीट लिही,
मला सगळ्यांना वाचून दाखवायचंय.

नीट लिही.
हेच मी चार वर्षं सांगत होते!

मधल्या सुट्टीत तो खिडकीशी बसून ते पत्र वाचायचा,
अडला की बोट शब्दावर ठेवून माझ्याकडे यायचा,
अर्थ घेऊन परत, थँक्यू वगैरे नाही.
मग चार पानं लिहिली.
सुरी कशी धरायची ते.
आजोबांच्या अंगठ्याचं पेर कुठल्या वर्षी गेलं ते.
आणि तिसऱ्या पानावर, जिभांच्या मधोमध,
बाबांनी बोट विकली त्या रात्री
घरात कुणीच कसं बोललं नाही, ते.

हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.
मी विचारलंही नव्हतं म्हणा.
मी विचारलं होतं : माझा आवडता ऋतू.

पहिल्याच ओळीत दोन चुका.
सवयीनं माझा हात लाल पेनाकडे गेला,
त्यानं कागदावर पंजा ठेवला,
चिरा पडलेला, खारट.
बाई, हे तुम्हाला नाही.

बरोबर होतं त्याचं.
मी टोपण लावलं.
दारापर्यंत जाऊन तो थांबला.
तिची घरची भाषा कुठली?
इग्बो असावी, म्हणाले.
चहाडीला त्यात काय म्हणतात?
आपल्याकडे पुस्तक आहे?

नव्हतं.
मागवलंय.