चार वाजताचा समुद्र

वरून पत्र आलंय: तीस वर्षांचं सरासरी तापमान,
महिन्यागणिक, एका पानात मावेल असं.
म्हणून फेब्रुवारी लागल्यापासून मी बसलेय
जांबोटी रस्त्यावरच्या भात केंद्रात
लुमाण्णा देसूरकरच्या वह्या उघडून.

वह्या छापील, रकान्यांची नावं कन्नडात.
आकडे त्याचे, देवनागरीत, जरा डावीकडे कललेले,
वाऱ्याला पाठ देऊन लिहिल्यासारखे.
सकाळी साडेसात. दुपारी अडीच.
एकही दिवस कोरा नाही.
ती पांढरी लाकडी पेटी अजून आवारात उभी आहे,
झडपांतून श्वास घेत.

जानेवारी: एकवीस पूर्णांक चार.
ह्या आकड्यात पहाटे दातांवर वाजणारी हवा आहे
आणि दुपारी रताळ्याच्या वेलांवरून उठणारी ऊब,
दोघींना एका बाकावर बसवलंय,
एकमेकींशी बोलत नाहीत.
मार्चात वडगावला सूत तुटायला लागतं,
मागवाले जमिनीवर पाणी शिंपडतात.
एप्रिल अठ्ठाविसाच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबतो.
मे त्याच्याहून थंड.
बाहेरून बदलून आलेल्या साहेबांना हे खरं वाटत नाही,
ते मला पुन्हा बेरीज करायला लावतात.
आणि जुलै: एकवीस, बावीस, एकवीस,
दोरीवरचा परकर आठव्या दिवशीही तेवढाच ओला,
पारा आपला जागच्या जागी, घोंगडीत शिरलेल्या माणसागत.

हे सगळं समुद्रामुळं.
इथून तो दिसत नाही. चोर्ल्याच्या घाटापलीकडं, खाली, आहे म्हणतात.
पण चार वाजता येतो.
आधी सागाची पानं उलटी होतात,
मग बसलिंग हुक्केरीच्या टेबलावरचे कागद,
आणि तो म्हणतो, ‘आला बघा तुमचा समुद्र.’
माझा कसा, हे मी विचारत नाही.
त्याची मुलगी कारवारला दिली आहे.

शेऱ्याचा रकाना बहुतेक रिकामाच.
कुठं ‘धुकं’. कुठं ‘पेटीत सरडा’.
एकदा ‘साहेब आले, चहा’.
आणि अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात, एकोणीस तारखेला,
किमान सात पूर्णांक आठ,
साऱ्या वह्यांत पारा इतका खाली कधी उतरला नाही,
त्याच्यासमोर दोन शब्द:
बाळ. चळी.
मध्ये ठिपका.

मला पहिलाच शब्द कळला, आणि पोटात हललं.
बसलिंग हसला. ‘आमचं कन्नड हो ते.
बाळ चळी. म्हणजे लई थंडी.’
आणि ठिपका?
‘पेन गळत असंल.’

रविवारी देसूरला गेले.
यल्लूबाई अंगणात मसूर पाखडत होती.
वही पुढं केली तर म्हणाली, मला कुठलं वाचायला येतंय.
मग मीच वाचलं,
एकदा ठिपक्यासकट, एकदा ठिपक्याविना.
सूप थांबलं नाही.
‘कुठल्या भाषेत लिहिलंय हे त्यांनी?’
‘दोन्हीत,’ ती म्हणाली.
बऱ्याच वेळानं, खडे वेचताना:
‘त्या दिवशी पण गेलेले की ते. साडेसातला.
मी म्हटलं, जावा. पेटीचं कोण बघणार?’

डिसेंबर: वीस पूर्णांक नऊ.
तो दिवस काढून पुन्हा भागाकार केला.
नऊशे तीस दिवसांतला एक.
वीस पूर्णांक नऊच.
परत होता तिथं ठेवला.

पान तयार आहे. बारा आकडे, खाली सही.
शेऱ्याला ह्या नमुन्यात रकाना नाही.
बाहेर साग अजून सरळ,
आणि बसलिंग घड्याळ बघून
कागदांवर दगड ठेवतोय.