सांधा

अडीच किलोमीटर.
शहराच्या नकाशावर केसाएवढीही रेघ नाही,
पण मालगाडीच्या रुळांतून ती हळूच निसटते,
दोन वळणं घेते, टँकरांचा रस्ता ओलांडते
आणि मेट्रोच्या कारशेडमध्ये शिरते.
तिथून पुढे भुयार, काचेची स्टेशनं, अत्तराचा वास.
ते आपलं नाही. आपलं इथवर.

मी सांधेवाला.
दौंडला अकरा वर्षं, जबल अलीत सहा.
लोखंडी दांडा, हिरवा कंदील आणि ब्रश.
खरं काम ब्रशचंच.
वाळू रोज संध्याकाळी येऊन बसते
हलत्या रुळाच्या आणि ठाम रुळाच्या फटीत,
चाळलेल्या पिठासारखी.
चिमूटभर राहिली तरी सांधा मिटत नाही.

रात्री दीडनंतर
जहाजातून उतरलेला कोरा डबा येतो,
पांढऱ्या ताडपत्रीत तोंड बांधून.
पुढे आमचं डिझेल, खोकत, दहाच्या वेगानं.
जिला उद्यापासून ड्रायव्हरच लागणार नाही
तिला आज चार माणसं लागतात:
इंजिनावर गुलशेर, रोहडीचा,
गेटवर धनबहादूर,
शेपटाला मुबीन परकार, हर्णैचा,
आणि मी.

मुबीनचा व्हिसा रविवारी संपत होता.
शुक्रवारी त्यानं ताडपत्रीची दोरी सोडली,
बूट काढून हातात घेतले, आत चढला.
वॉकीटॉकीवर म्हणाला,
"धायगुडे, आज मी पशिंजर."
मी काही बोललो नाही.
गुलशेरनंही ऐकलं असणार,
कारण इंजिन आठवर आलं.

सांध्यापाशी डबा माझ्यासमोरून गेला.
ताडपत्रीच्या फटीतून दिसला:
गोल्ड क्लासची सीट, वरचं प्लास्टिक तसंच,
त्यावर तो, पाय खाली सोडून, हात गुडघ्यांवर,
नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखा.
आत दिवे नव्हते.
माझ्या कंदिलाचा हिरवा
त्याच्या गालावरून सरकला, मग काचेवरून,
मग नुसत्याच ताडपत्रीवरून.
गेटपाशी एका टँकरवाल्यानं दोनदा हॉर्न दिला.

शेडमध्ये उतरला तेव्हा विचारलं, कसं काय?
"एसी नव्हता रे," म्हणाला,
आणि बूट घालत बसला, बराच वेळ,
नाडी एकच, तरी.

पंधरा मिनिटांची एकोणीस झाली होती.
उशीर झाला की रजिस्टरात कारण लागतं.
मी लिहिलं:
वाळू.