पाचव्या फळीखाली

व्यासपीठाची पाचवी फळी
पाय पडला की पोकळ वाजते.
नवे पाळक दचकतात पहिल्या रविवारी,
आणि किल्ल्या माझ्याकडे म्हणून मला विचारतात,
"उबाळे, खाली घुशी झाल्यात काय?"
मी म्हणतो, नाही साहेब, खाली माग आहे.

माग म्हणजे आता नुसता खड्डा, गुडघाभर.
गिरणीत एलियाबाबांना साच्यावर घेतलं नाही:
धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असतो,
आणि यांच्या तोंडाचा विटाळ.
नरसय्या मेरगूंनी शेडमधला मागचा माग दिला.
काही बोलले नाहीत, फक्त बोटानं दाखवला.
सहा दिवस त्यात पाय सोडून लुगडी,
सातव्या दिवशी त्यातच पाय सोडून शुभवर्तमान.
वर बस म्हटलं तर म्हणायचे,
इथूनच अक्षर नीट दिसतं.

वहीच्या पहिल्या पानावर सात नावं.
अब्शालोम खांडेकर, हमाल. त्यांची बायको तुळसाबाई, आता रिबका,
पण पुढच्या पानावर परत तुळसाबाई.
शेवटी लिहिलंय: 'एक मूल, नाव ठेवणे आहे.'
ते मूल म्हणजे माझी आई.

घंटा नव्हती. रुळाचा हातभर तुकडा
लिंबाला टांगलेला, अब्शालोमनं कुठून आणला
ते वहीत नाही.
भोंग्याच्या आधी वाजवला तर रात्रपाळीचे झोपेत,
नंतर वाजवला तर दिवसपाळीचे गेलेले.
दोन्हींच्या मधल्या फटीत
उपासना बसवली.

भाकरीला पीठ घेताना बायका एक मूठ मागे सारायच्या.
त्या मुठींची पोती झाली, पोत्यांचे पैसे झाले,
पैशांचा काळा दगड आला, बैलगाडीनं, उधारीवर.
मेरगूंच्या पोरांनी शेड विकली तेव्हा जागेचा भाव कमी लावला,
का, ते त्यांनाही सांगता येईना.
भिंती चढल्या. खड्डा बुजवायचा राहिला.
वर फळ्या टाकल्या, म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू.

भांडलोही. तेलुगू गीत आधी की मराठी,
यावरून निम्मी मंडळी उठून रुळापलीकडे गेली,
जाताना कंदील घेऊन गेली.
अठरा वर्षांनी कंदील परत आला,
काच फुटलेला, एका नातवाच्या हाती.
माणसं आली नाहीत.

मग भोंगा बंद झाला.
वहीत 'बदली' हा रकाना भरत गेला:
भोसरी, भिवंडी, भोसरी, भोसरी.
एका ईस्टरला आम्ही अकरा होतो,
आणि पेटी वाजवणारा बारावा, तोही ताप घेऊन आलेला.
मी तेव्हा किल्ली वरच्या कार्यालयात
देऊन टाकायला निघालो होतो, खरं सांगतो.

बुधवारी शांतम्मा दुडम आली, मांडीवर सूप घेऊन.
मागून चौघी, मग नऊ जणी.
पानं कापत, तंबाखू भरत प्रार्थनेला बसल्या.
पाळक म्हणाले, देवळात विड्या?
ती म्हणाली, "हजार भरल्याशिवाय मजुरी नाही, अय्या.
हात इकडं राहू द्या, कान तुमच्याकडं आहेत."
आज नऊला मराठी, अकराला तेलुगू,
आणि पाणी सुटायचा पाचवा दिवस रविवारी आला
की दोन्हीकडं निम्मे बाक रिकामे.
देवाला ठाऊक आहे नळाचं वेळापत्रक.

गेल्या महिन्यात कमिटीनं ठरवलं:
व्यासपीठाला टाइल्स, खाली काँक्रीट.
अकरा विरुद्ध चार. चारांत मी.

रात्री एकटा गेलो. फळी उचलली.
कोळिष्टकं, थोडं सूत, काळं पडलेलं,
एक मेलेली पाल.
पाय सोडून बसलो. गुडघे बरोबर बसले.
समोरचे बाक छातीइतके उंच दिसत होते,
आणि इथून बोलायचं तर
मान वर करूनच बोलावं लागतं.

सोमवारी ठेकेदार आला.
किल्ली सापडेना.
अजून शोधतोय.